डिझेल व्हॅनचे इंजिन नेमके केव्हा तापते?

तापमापकाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला की थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलावा, कूलंट फिरवणारा पंप बदलावा, रेडिएटर धुऊन घ्यावा असे सल्ले सगळीकडून मिळू लागतात. एकही नट सैल करण्यापूर्वी गाडी कोणत्या परिस्थितीत तापते, याची नोंद घेतली तर यातले बरेचसे सल्ले गळून पडतात. गाडी रिकामी होती की भरलेली, गर्दीत रेंगाळत होती की लांब चढ चढत होती, काटा सुरुवातीच्या काही मिनिटांतच वर गेला की तासाभराने, या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या भागांकडे बोट दाखवतात.

डिझेल इंजिन इंधनातील ऊर्जेपैकी साधारण ३५ ते ४० टक्के ऊर्जा कामी लावते. उरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग धुराबरोबर निघून जातो आणि एकूण ऊर्जेचा सुमारे पाव हिस्सा कूलंटला, म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या शीतक द्रवाला, वाहून न्यावा लागतो. डिझेल इंजिनाची शक्ती मुख्यतः इंधनाच्या मात्रेवर ठरत असल्यामुळे उभ्या गाडीत चालू असलेल्या इंजिनात इंधन अत्यल्प जळते, हवा मात्र भरपूर येते आणि उष्णता बेताचीच निर्माण होते. त्यामुळे एखादी व्हॅन उभ्या जागीही तापत असेल, तर शीतकरणात मोठी त्रुटी आहे असे समजावे. याउलट, अर्धवट तुंबलेला रेडिएटर हलक्या कामात कित्येक महिने निभावून जातो आणि पूर्ण भार घेऊन चढाला लागल्यावरच उघडा पडतो.

गर्दीत काटा चढतो आणि गाडीने वेग घेताच उतरतो, तेव्हा संशय पंख्यावर जातो. विजेवर चालणाऱ्या पंख्याचा फ्यूज, रिले आणि मोटर तपासावी. व्हिस्कस कपलिंगचा, म्हणजे घट्ट सिलिकॉन तेलाच्या जोडणीतून इंजिनावर फिरणारा, पंखा असल्यास इंजिन तापल्यावर बंद करून तो हाताने फिरवून पाहावा. कसलाही अडथळा न होता तो गरगर फिरत राहिला, तर कपलिंगमधील सिलिकॉन तेल गळून गेले असण्याची शक्यता मोठी असते. भरधाव वेगात किंवा चढावर तापणाऱ्या गाडीत रेडिएटर आतून व बाहेरून पाहावा लागतो. वातानुकूलनाचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेली धूळ समोरून दिसतच नाही, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच जागेकडे. आतली नळी तुंबली असेल, तर इन्फ्रारेड तापमापकाने रेडिएटरचा पृष्ठभाग तपासताना मध्येच थंड पट्टे सापडतात. मात्र चकचकीत धातूवर हे उपकरण चुकीचे आकडे दाखवते, म्हणून काळ्या किंवा रंगवलेल्या भागावरच विश्वास ठेवावा.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात इंजिन तापले आणि रेडिएटरचा खालचा होज थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. त्यातील मेण बहुधा ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळून फुगते आणि झडप उघडते. सुटा केलेला थर्मोस्टॅट पाण्यात तापवून हे सहज पडताळता येते. तो काढूनच टाकण्याचा उपाय काही मेकॅनिक करतात, पण तो धोक्याचा आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो नसला की बरेचसे कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते.

आता कूलंटच्या पातळीकडे वळू. रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे, कारण साधारण १ बार जादा दाबाखाली साधे पाणीही सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि दाब अचानक सुटला की त्याची क्षणात वाफ होऊन ते अंगावर उसळते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर खराब असेल, तर हा दाबच तयार होत नाही. पातळी घटत असेल, तर हातपंपाच्या साहाय्याने थंड यंत्रणेत दाब भरून तो टिकतो का ते पाहावे. एक लक्षण फसवे असते: कूलंट इतके कमी झाले की सेन्सर उघडा पडतो, तेव्हा काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. अशा वेळी हीटर लावून पाहावा. इंजिन गरम असूनही त्यातून थंड हवा येत असेल, तर कूलंट संपले आहे किंवा फिरत नाही, असे मानून गाडी तिथेच थांबवावी.

गळती बाहेर दिसत नाही आणि थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो, तेव्हा ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असल्याची शंका घ्यावी. कूलंटच्या टाकीवर निळ्या रसायनाची परीक्षानळी लावली असता कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा रंग पिवळट होतो. डिझेलच्या धुरात हा वायू पेट्रोलच्या तुलनेने विरळ असल्यामुळे चाचणी घाईने आटोपू नये. रंग बदलला म्हणजे हेड गॅस्केटच (सिलेंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सीलबंद पट्टी) गेले, असा निष्कर्ष मात्र लगेच काढता येत नाही. आधुनिक डिझेल इंजिनात धुराचा काही भाग कूलंटने थंड करून पुन्हा सिलेंडरकडे पाठवणारा ईजीआर कूलर असतो, आणि त्याला तडा गेला तरी कूलंट घटणे, पांढरी वाफ येणे अशी तीच लक्षणे दिसतात. तो सुटा करून दाबाखाली तपासणे हे सिलेंडर हेड उघडण्यापेक्षा पुष्कळ सोपे आणि स्वस्त काम आहे, म्हणून ते आधी करावे.

दुरुस्तीनंतरही काटा अस्थिर राहिला, तर नवा दोष शोधण्याआधी हवा काढावी. ज्या व्हॅनमध्ये इंजिन आसनाखाली आणि रेडिएटर पुढे असतो, तिथे लांब होजच्या उंच वळणावर हवेचा फुगा अडकून राहतो. ब्लीड स्क्रू (हवा सोडण्याचा स्क्रू) उघडून आणि हीटर पूर्ण चालू ठेवून कूलंट सावकाश भरले, तरच तो बाहेर पडतो.