एक ‘वऱ्हाड’, दोन स्ट्रिंग

समजा, सीताबर्डीवरील एका दुकानाने वऱ्हाडी ठेच्याच्या जाहिरातीची एक लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली, दुसरी काउंटरवरच्या क्यूआर कोडात घातली आणि दोन्हींच्या यूटीएम कॅम्पेनला (ग्राहक कोणत्या जाहिरातीतून आला हे कळावे म्हणून लिंकला जोडलेल्या नावाला) ‘वऱ्हाड’ हेच नाव दिले, तरी अहवालात त्याच नावाच्या दोन वेगळ्या ओळी दिसू शकतात. अशा वेळी ट्रॅकिंगच्या कोडावर संशय घेण्यापूर्वी ही दोन नावे स्ट्रिंग, म्हणजे संगणकाने साठवलेली चिन्हांची माळ, म्हणून खरोखर एकच आहेत का, हे पाहावे.

पहिल्या ‘वऱ्हाड’मध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि त्यापुढे हलंत असते. इनस्क्रिप्ट कळफलकावर त्याची वेगळी सोय आहे. दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा मात्र पहिल्याची लांबी ६ आणि दुसऱ्याची ७ सांगते व तुलनेचे उत्तर ‘फॉल्स’, म्हणजे ‘सारखे नाहीत’, असे देते. लिंकमध्ये यातील प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणून एक नाव ५४ अक्षरांचे होते, तर दुसरे ६३. देवनागरी चिन्हांचा पहिला बाइट ‘ई०’ (E0) असतो, जॉइनरचा ‘ई२’ (E2), त्यामुळे तो लगेच सापडतो. मात्र काही ब्राउझर ॲड्रेस बारमध्ये पुन्हा देवनागरीच दाखवतात. त्यासाठी डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये विनंतीचा पूर्ण पत्ता पाहावा.

येथे नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एका ठरावीक रूपात आणणे, पुरेल असे वाटते, पण ते अर्धेच काम करते. ‘र’खाली नुक्ता (टिंब) देऊन लिहिलेला ‘ऱ’ एनएफसी या नॉर्मलायझेशनच्या प्रकारामुळे एकसंध ‘ऱ’ होतो. जॉइनरला ते हातही लावत नाही. अदृश्य चिन्हे सरसकट पुसण्याचा सल्ला तर मराठीसाठी घातकच आहे, कारण जॉइनर गेला की ‘र’ पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतो आणि ‘वर्हाड’ असे अशुद्ध रूप उरते. त्याऐवजी ‘र’, हलंत आणि जॉइनर या तिन्हींच्या जागी ‘ऱ’ व हलंत ठेवावे आणि मग एनएफसी चालवावे.

कॅम्पेनचे नाव रोमन लिपीत, तेही सर्व लहान अक्षरांत ठेवले तर हा प्रश्नच उरत नाही, आणि मी तेच सुचवेन. संकेतस्थळाच्या शोधपेटीत मात्र ही पळवाट नाही: तेथे ग्राहक कोणत्याही कळफलकावरून लिहिणार, म्हणून साठवलेले नाव आणि शोधलेला शब्द, दोन्हींवर हीच प्रक्रिया करावी लागते.