दगडी पाल्याची परंपरा किती जुनी?

विळा हाताला लागला की बांधावरचा दगडी पाला खुडायचा, तळहातावर चोळून हिरवा रस जखमेत पिळायचा आणि चोथा वर दाबून फडकं बांधायचं. हा उपाय महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत कुणाला सांगावा लागत नाही. कुणी याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. व्हॉट्सॲपवर मात्र हा पाला थेट ऋषिमुनींच्या काळात नेऊन बसवतात, आणि ते काही खरं नाही.

ही वनस्पती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. म्हणजे मिरची-बटाट्यासारखीच १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोहोचल्यानंतर कधीतरी समुद्र ओलांडून आलेली. चरक-सुश्रुतांच्या नजरेला ती पडणंच शक्य नव्हतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिचं ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ असं नामकरण केलं. १८८० च्या दशकात ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या भारतातल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात तिची नोंद आली.

पसरायला तिला कुणाची मदत लागत नाही. केसाळ झुबक्याचं बी वाऱ्यावर उडतं, जमिनीला टेकलेल्या पेरांना मुळं फुटतात आणि फुलणं बारमाही. रेल्वेच्या रुळांपासून गच्चीतल्या भेगेपर्यंत कुठेही उगवते. अमेरिकेने तर तिला उपद्रवी तणांच्या केंद्रीय यादीत टाकलं आहे.

परंपरा अलीकडची, म्हणून उपाय खोटा असं नाही. तिच्या मायदेशी, ग्वाटेमालातही लोक ती जखमांवर आणि त्वचारोगांवर वापरत आले आहेत. भारतात १९८० च्या दशकापासून उंदरांवर प्रयोग झाले. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे रेंगाळणारी जखम पाल्याच्या अर्काने लवकर भरत असल्याचं त्यांत दिसलं. पण उंदीर तो उंदीर. माती लागलेल्या जखमेवर नुसता पाला बांधून भागत नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावंच लागतं.

खरा घोळ बाजारात होतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांतला भृंगराज म्हणजे आपला माका, एकदांडीच्याच कुळातला. काही ठिकाणी माक्याच्या नावाखाली एकदांडीच खपवली जाते. ताजी असेल तर ओळखणं सोपं आहे: माक्याचं फूल बारीक, पांढरं आणि आखूड देठाचं. एकदांडीचा दांडा चांगला वीतभर, टोकाला एकच फूल, मधे पिवळं आणि कडेच्या पांढुरक्या पाकळ्यांना तीन-तीन दाते. वाळवून भुकटी केली, की मग डोळ्यांनी काही कळत नाही.