स्क्रीनवर रेघा: डिस्प्ले केबल की ग्राफिक्स चिप?

जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर रेघा, ठिपके किंवा भलतेच रंग दिसू लागले की दुकानात बरेचदा एकच निदान ऐकू येतं: ग्राफिक्स (चित्र तयार करणारी चिप) गेलं, बोर्डला हीट द्यावी लागेल, म्हणजे मदरबोर्ड तापवून चिपचे सांधे पुन्हा जुळवावे लागतील. होकार देण्याआधी थांबा. बोर्डकडून स्क्रीनकडे चित्र नेणारी डिस्प्ले केबल सैल झाली तरी स्क्रीन अगदी अशीच दिसते, आणि तो दोष बोर्डला हातही न लावता निघतो.

आधी बाहेरचा मॉनिटर जोडा आणि विंडोज व पी ही बटणं एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. बाहेर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर रेघा, तर दोष बहुतेक केबल, कनेक्टर किंवा पॅनेलचा (खुद्द स्क्रीनचा). दोन्हीकडे सारख्याच रेघा, तर संशय चिपवर. एक मेख आहे: दोन ग्राफिक्स चिप असलेल्या काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआय एका चिपला आणि आतली स्क्रीन दुसऱ्या चिपला जोडलेली असते. म्हणून याच चाचणीवर निकाल देऊ नका.

स्क्रीनशॉट काढून मोबाईलवर पाहा. तो मेमरीतल्या चित्राचा असतो, त्यामुळे केबलच्या किंवा पॅनेलच्या रेघा त्यात कधीच उतरत नाहीत. रेघा उतरल्या तर चिप, तिची मेमरी नाहीतर ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर). स्क्रीनशॉट स्वच्छ आला म्हणून मात्र चिप सुटली असं नाही.

ड्रायव्हर वगळायला बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा पडदा, उघडा. तिथेही रेघा असतील तर ड्रायव्हर निर्दोष. तसंच बायोस उघडं ठेवून झाकण हळूहळू मागेपुढे करा. ठरावीक कोनात चित्र सुधारलं तर बिजागरीतून जाणारी केबल झिजली आहे. झाकण स्थिर असताना लॅपटॉप कोपऱ्याला धरून उचलल्यावर चित्र बिघडलं तर बोर्ड वाकून कुठलातरी सांधा सुटतोय. जागेवरून न हलणारी एकच बारीक उभी रेघ बहुधा पॅनेलची असते. डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये 'डी' दाबून धरून लॅपटॉप चालू केला की पॅनेल स्वतःच रंग दाखवतं. तिथेही रेघ दिसली तर चिपचा संबंध नाही.

सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालवल्यावर) सगळं ठीक, पण ड्रायव्हर चढला की काळी स्क्रीन किंवा विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ (उपकरणात बिघाड म्हणून ते थांबवल्याचा संदेश), ही चिपची खूण. तरी ड्रायव्हर एकदा नव्याने टाकून बघा. इंटिग्रेटेड (प्रोसेसरमध्येच किंवा बोर्डच्या चिपसेटमध्ये असलेलं) ग्राफिक्स लॅपटॉपचीच रॅम वापरतं, म्हणून रॅमची एकेक पट्टी लावूनही तपासा.

केबल बसवताना चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा. वीज असताना कनेक्टर ओढला तर बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या दिव्याचा) फ्यूज उडू शकतो आणि नसलेला दोष तयार होतो.

चिपच खराब निघाली तर हीट देण्याचा फायदा किती? जुलै २००८ मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने सदोष लॅपटॉप चिप्सच्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. एचपीच्या पॅव्हिलियन डीव्ही२००० आणि डीव्ही६००० मालिकांतली बरीच मॉडेलं त्या काळात अशीच बंद पडली. काहींत वायफायही गायब व्हायचं. तिथे कमकुवत होते ते सिलिकॉन आणि चिपचा तळ यांना जोडणारे आतले सूक्ष्म सांधे. रीबॉलिंग म्हणून जी दुरुस्ती करतात तीत बदलतात ते चिपला बोर्डशी जोडणारे चिपखालचे सोल्डरचे गोळे, आतले सांधे जुनेच राहतात. शिसेविरहित गोळे साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळतात. तेवढ्या उष्णतेने आतला तडा तात्पुरता जुळतो आणि लॅपटॉप काही काळ चालतो. वारंवार हीट दिली तर बोर्ड वाकतो. करायचंच असेल तर नवी चिप घाला, तीही सुधारित आवृत्तीची.

प्रोसेसरमध्ये इंटेलचं ग्राफिक्स असेल तर बायोसमधून, तिथे सोय नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून, वेगळी ग्राफिक्स चिप बंद करून बघा. आतली स्क्रीन इंटेलला जोडलेली असेल तर गेम जातील, पण लिखाण, ब्राउझिंग आणि व्हिडिओ चालू राहतील.