रील ऑफ द फिफ्टीफर्स्ट डिव्हिजन

स्कॉटिश कंट्री डान्स या प्रकारातील एक प्रसिद्ध समूहनृत्य. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असलेल्या स्कॉटिश अधिकाऱ्यांनी ते बसवले. कंट्री डान्समधील पुष्कळ नृत्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील हस्तलिखितांतून आणि छापील पुस्तकांतून आलेली आहेत. हे मात्र अलीकडचे असूनही जुन्यांच्या पंक्तीत जाऊन बसले.

जून १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील सँ व्हालेरी-आँ-को येथे ब्रिटिश सैन्यातील ५१ वी हायलँड डिव्हिजन ही स्कॉटिश सैनिकांची तुकडी वेढली गेली. समुद्रमार्गे सुटकेचा बेत फसला आणि १२ जून रोजी सेनापती व्हिक्टर फॉर्च्युन यांना शरणागती पत्करावी लागली. डिव्हिजनचा काही भाग आधीच निसटला होता. उरलेले हजारो सैनिक कैद झाले. अधिकाऱ्यांपैकी अनेकांची रवानगी बव्हेरियातील लाउफेनच्या छावणीत झाली. तेथे नृत्याचे वर्ग भरत. आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीचे लेफ्टनंट जिमी अ‍ॅटकिन्सन यांना या नृत्याची कल्पना सुचली आणि सहकाऱ्यांच्या मदतीने तिला आकार आला. छावणीत स्त्रिया नसल्यामुळे जोडीतले दोघेही पुरुषच असत. नृत्याची कृती टपालाने स्कॉटलंडला पोहोचली. ती गुप्त संकेतलिपी असावी या संशयाने जर्मनांनी बराच काळ डोके खाजवले, असे मोठ्या चवीने सांगतात. किस्सा म्हणूनच तो घ्यावा.

नाचायला चार जोड्या लागतात. पुरुषांची एक ओळ, समोर स्त्रियांची. एका वेळी तीनच जोड्या नाचतात, चौथी थांबते. संगीत रीलचे, म्हणजे द्रुत लयीचे. एक फेरी ३२ बारांची (बार म्हणजे संगीतातील तालाचे एक माप). आरंभी पहिली जोडी जागेवर पावले टाकते, आपापल्या ओळीच्या मागून तिसऱ्या जोडीच्याही खाली जाते आणि हात धरून मधून दुसऱ्या जागेपर्यंत वर येते. पुढचा भाग हा या नृत्याचा प्राण. जोडीतले दोघे आपापल्या पहिल्या कोपऱ्यावरच्या, म्हणजे समोरच्या ओळीत तिरपे उजवीकडे उभ्या असलेल्या नर्तकासमोर पावले टाकतात, उजव्या हाताने त्याला फिरवतात आणि तो हात न सोडता डावा हात मध्यभागी जोडीदाराला देतात. चौघांची एक तिरपी रेघ तयार होते आणि सगळे त्या रेघेतच तोल साधत पावले टाकतात. मग तेच दुसऱ्या, म्हणजे डावीकडच्या कोपऱ्यांशी. रेघ आता उलट दिशेला तिरपी. या दोन रेघा म्हणजे सेंट अँड्र्यूचा क्रूस, स्कॉटलंडच्या निळ्या ध्वजावरची पांढरी फुली. ती एका क्षणी पुरी कधीच दिसत नाही. एक रेघ मोडल्यावर दुसरी उमटते, फुली पाहणाऱ्याने मनात जुळवायची. एवढ्या साध्या आकृतीत हा अर्थ भरणाऱ्याला दाद द्यायलाच हवी. शेवटी सहाजण हात धरून गोल फिरतात आणि तसेच उलटे परततात.

पहिली जोडी आता दुसऱ्या जागी असते. तेथून ती पुन्हा एकदा नाचते आणि तळाशी जाते. मग पुढच्या जोडीची पाळी. प्रत्येकी दोनदा, अशा एकूण आठ फेऱ्या होतात.

सप्टेंबर १९४४ मध्ये नव्याने उभारलेल्या ५१ व्या डिव्हिजननेच सँ व्हालेरी परत घेतले. पुढच्या वर्षी स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीने, ग्लासगोत १९२३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, आपल्या तेराव्या पुस्तकात हे नृत्य छापले. त्याची ठरलेली धून ‘द ड्रंकन पायपर’. स्कॉटलंडबाहेरच्या नृत्यमंडळांतही ते हौसेने नाचले जाते, आणि आता बहुधा स्त्री-पुरुषांच्या जोड्यांनी.