छोट्या अनुदानांच्या अटी आल्या कुठून?

वंचित वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका, किशोरवयीनांचा खेळगट, एकट्या पालकांसाठी सल्ला केंद्र अशा कामांना मिळणारं अनुदान बहुधा लहान असतं आणि एका वर्षापुरतं असतं. त्याचा अर्ज मात्र कुठल्याही देशातला उघडला तरी ओळखीचा वाटतो. संस्थेची नोंदणी आहे का, लाभार्थी कोण, आणखी कोणाकडून पैसे मिळतात, स्वतःचा वाटा किती, पगारावर किती खर्च होणार, अहवाल कधी देणार. हे रकाने एका बैठकीत ठरलेले नाहीत. प्रत्येकामागे त्या त्या काळातली एखादी गरज किंवा भीती आहे. ती सरली तरी रकाना राहिला. कोणती अट कायद्याने बांधलेली आहे आणि कोणती नुसती सवयीने चालत आली आहे, हे ओळखता आलं की देणाऱ्याशी बोलणी करता येतात. म्हणून हा मागोवा.

सुरुवात इंग्लंडमधल्या १६०१ च्या धर्मादाय कायद्यापासून करावी लागते. त्याच्या प्रस्तावनेत मान्य कामांची यादीच आहे: वृद्ध आणि गरिबांना मदत, शाळा, अनाथांचं शिक्षण, तरुण कारागिरांना आधार. कायद्याचा मूळ हेतू होता दान दिलेल्या पैशाचा गैरवापर शोधण्याचा, आणि यादी आली ती गैरवापर कशाला म्हणायचं हे ठरवण्यासाठी. ‘मंजूर उद्देशाव्यतिरिक्त खर्च करता येणार नाही’ या अटीची मुळं इथे आहेत.

१८६९ मध्ये लंडनला चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी स्थापन झाली, १८७७ मध्ये तिची अमेरिकन आवृत्ती बफेलो शहरात. एकच कुटुंब चार ठिकाणांहून मदत घेतं, अशी तेव्हाच्या दात्यांची तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून घरोघर चौकशी, कुटुंबांची नोंदवही आणि ‘पात्र’ व ‘अपात्र’ अशी विभागणी सुरू झाली. आज अर्जात इतर देणगीदारांची यादी मागतात किंवा कुटुंबाच्या उत्पन्नाचा पुरावा मागतात, तो याच नोंदवहीचा वारसा. चौकशीच्या या पद्धतीतून पुढे व्यावसायिक समाजकार्य उभं राहिलं, हे खरं. पण मदत मागणाऱ्यावर आधी संशय घ्यायचा ही खोडही तिथूनच लागली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

याच्या उलट टोकाला सेटलमेंट चळवळ होती: १८८४ मध्ये लंडनचं टॉयन्बी हॉल, १८८९ मध्ये शिकागोत जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी सुरू केलेलं हल हाऊस. कार्यकर्ते वस्तीतच राहत. पाळणाघर, बालवाडी, मुलांचे क्लब, वाचनवर्ग चालवत. मदतीचं माप कुटुंबाऐवजी उपक्रम झालं. पैसा मुख्यतः ओळखीच्या श्रीमंतांकडून येई. अर्ज नव्हता, पण ओळख नसलेल्यांना दारही नव्हतं.

ते दार थोडं उघडलं १९१४ मध्ये. क्लीव्हलँडचे बँकर फ्रेडरिक गॉफ यांनी अनेक दात्यांचे निधी एकत्र ठेवणारं सामुदायिक प्रतिष्ठान सुरू केलं. मृत दात्यांच्या कालबाह्य अटींत अडकून पडणारा पैसा मोकळा करणं हा त्यांचा हेतू. निधी बँक सांभाळणार आणि वाटप नागरिकांची समिती करणार, अशी ही रचना. आज वस्तीपातळीवरची अनेक छोटी अनुदानं अशाच प्रतिष्ठानांतून जातात.

आता लोकवर्गणी. ‘तुमचा वाटा किती’ या प्रश्नाचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रोझेनवाल्ड शाळा. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या आग्रहावरून उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ मध्ये अलाबामात सहा छोट्या शाळांना मदत केली. त्यातून उभ्या राहिलेल्या योजनेत १९३२ पर्यंत १५ राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी ४,९७७ शाळा बांधल्या गेल्या. अट अशी होती की रोझेनवाल्ड यांचा निधी खर्चाचा एक भाग देईल, बाकीचा गावकऱ्यांनी आणि सरकारी शिक्षण मंडळाने उभा करायचा. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यात निधीचा वाटा साधारण १५ टक्के, कृष्णवर्णीय समाजाच्या थेट वर्गणीचा साधारण १७ टक्के. उरलेला बहुतेक सार्वजनिक करातून. म्हणजे ज्या योजनेला दात्याचं नाव लागलं, तिच्यात गरीब शेतकऱ्यांनी दात्यापेक्षा जास्त घातलं. कुणी जमीन दिली, कुणी लाकूड, कुणी श्रमदान केलं. काही ठिकाणी शाळेसाठी म्हणून कापसाचा वेगळा तुकडा पेरला. हेच लोक करही भरत होते, म्हणजे एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले. ही वर्गणी नसती तर स्थानिक मंडळांनी त्यांच्या मुलांच्या शाळांना फारसं काही दिलंच नसतं.

लोकवर्गणीच्या अटीच्या दोन्ही बाजू इथे एकत्र दिसतात. ती सरकारला हात घालायला लावते आणि लोकांची मालकी पक्की करते. पण ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहे त्यांच्यावरच जास्त भार टाकते. आजची वाट म्हणजे वस्तुरूप वाटा मान्य करून घेणं. स्वयंसेवकांचे तास, मोफत मिळालेली जागा, साहित्य हे सगळं धरता येतं. हे बहुतेकदा फेटाळलं जातं ते नोंदीअभावी. प्रत्येक स्वयंसेवकाचं नाव, तारीख, तास, काम आणि सही त्याच दिवशी नोंदवावी, वर्षाअखेरीला आठवून नाही. तासाचा दर त्याच कामाला संस्था पगार देते तेवढाच लावावा. जागेसाठी मालकाचं पत्र आणि आसपासच्या भाड्याचा दाखला जोडावा.

१९६० च्या दशकात प्रश्न बदलला. पैसे कोण देतं यापेक्षा कोण ठरवतं, याला महत्त्व आलं. शहरांतल्या गरीब वस्त्यांसाठीचा फोर्ड फाउंडेशनचा ‘ग्रे एरियाज’ कार्यक्रम आणि न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधली ‘मोबिलायझेशन फॉर यूथ’ ही तरुणांसाठीची संस्था यांच्या अनुभवातून अमेरिकेचा १९६४ चा आर्थिक संधी कायदा घडला. त्यातला शब्दप्रयोग गाजला: कार्यक्रम रहिवाशांच्या ‘शक्य तितक्या जास्तीत जास्त सहभागाने’ चालवायचे. महापौरांना वळसा घालून पैसा थेट वस्तीतल्या संस्थांकडे जाऊ लागला, आणि लगेच विरोध सुरू झाला.

मिसिसिपीतलं उदाहरण पाहण्यासारखं आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका संस्थेने हेड स्टार्ट या गरीब मुलांसाठीच्या केंद्र सरकारी योजनेखाली सुमारे ८० केंद्रांत साधारण ६,००० मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. बायाबापड्या शिक्षिका झाल्या, पालक समित्यांवर बसले. राज्यातल्या बड्या राजकारण्यांना हे सहन होईना. सिनेटर जॉन स्टेनिस यांनी तपासनीस पाठवले आणि बोट ठेवलं ते हिशेबातल्या त्रुटींवर. काही आठवड्यांत उभ्या राहिलेल्या कामात अशा त्रुटी असणारच. १९६६ मध्ये निधी थांबला. बऱ्याच धडपडीनंतर तो अंशतः परत मिळाला. वर्गात मुलं काय शिकली याच्यावर हल्ला करणं अवघड होतं, पावत्यांवर सोपं होतं. वस्तीतल्या संस्थेने खतावणी पहिल्या दिवसापासून नीट ठेवावी याचं माझ्या मते सर्वांत सबळ कारण हेच. १९६७ च्या ग्रीन दुरुस्तीने स्थानिक सरकारांना या संस्थांवर पुन्हा पकड मिळवून दिली.

खासगी प्रतिष्ठानांची पाळी १९६९ मध्ये आली. त्या वर्षीच्या अमेरिकन करसुधारणा कायद्यानुसार मान्यताप्राप्त सार्वजनिक धर्मादाय संस्था नसलेल्या गटाला पैसे द्यायचे, तर प्रतिष्ठानावर खर्चाची जबाबदारी येते: आधी चौकशी, लेखी करार, वेगळा हिशेब, नियमित अहवाल. बरीच प्रतिष्ठानं या कटकटीपेक्षा नोंदणीकृत संस्थेलाच पैसे देतात. म्हणून नोंदणी नसलेले पालकगट किंवा युवागट दुसऱ्या नोंदणीकृत, म्हणजे यजमान संस्थेच्या नावावर अनुदान घेतात. यात भांडणं ठरलेल्या जागी होतात: यजमान किती टक्के कापणार, पैसे किती दिवसांत सोडणार, खरेदी केलेली उपकरणं कोणाची, गट वेगळा झाला तर शिल्लक कुठे जाणार. हे चारही मुद्दे अनुदान मंजूर होण्यापूर्वीच करारात लिहून घ्यावेत.

१९७४ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने शहरांना एकगठ्ठा सामुदायिक विकास अनुदान सुरू केलं. मुलांचे वर्ग, समुपदेशन अशा सेवांवरच्या खर्चाला पुढे साधारण १५ टक्क्यांची मर्यादा आली, त्यामुळे स्पर्धा तीव्र झाली. अशा सरकारी पैशात मोठी अडचण असते ती आधी खर्च, मग परतफेड या पद्धतीची. तिमाहीची बिलं सादर करायची आणि छाननीला दोन महिने लागणार असतील, तर पहिला पैसा हातात येईपर्यंत पाच महिन्यांचा पगार आणि भाडं संस्थेला खिशातून द्यावं लागतं. कागदावर यशस्वी ठरलेल्या संस्था इथे बुडतात. करारापूर्वी अग्रिम रक्कम किंवा मासिक बिलं मागून घ्यावीत. नियमांत वाव असूनही हे मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

आस्थापना खर्चाची बाब तशीच. समन्वयकाचा पगार, लेखापाल, विमा, भाडं यांना ‘अनुत्पादक’ मानण्याची सवय जुनी आहे. अशा अप्रत्यक्ष खर्चाचा दर ज्या संस्थांनी सरकारशी आधी ठरवून घेतलेला नाही, त्यांना अमेरिकी केंद्र सरकारने २०१४ मध्ये १० टक्के दर मान्य केला आणि २०२४ मध्ये तो १५ टक्क्यांपर्यंत नेला. वाढ योग्य, पण लहान संस्थेचा खरा खर्च बऱ्याचदा याहून जास्त असतो.

निर्णय कोणाचा, हा साठच्या दशकातला धागा इतरत्र जिवंत राहिला. बोस्टनच्या हेमार्केट पीपल्स फंडने १९७४ पासून वाटपाचे निर्णय कार्यकर्त्यांच्या हाती दिले. मिशिगनमध्ये केलॉग फाउंडेशनने १९८८ मध्ये सामुदायिक प्रतिष्ठानांसाठी जोडअनुदान, म्हणजे त्यांनी जमवलेल्या पैशाला जोड देणारं अनुदान, जाहीर केलं. अट होती की युवा निधीच्या वाटपात तरुणांच्या समितीचा हात असावा. त्या राज्यात अशा समित्या आजही काम करतात. ब्रिटनमध्ये १९९४ साली राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली आणि काही वर्षांनी तिच्या पैशातून छोट्या अनुदानांची ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ योजना आली. तिचा अर्ज आटोपशीर. बँक खात्यावर एकमेकांशी नातं नसलेल्या दोघांच्या सह्या ही प्रमुख खबरदारी. छोट्या रकमेला एवढी पुरेशी आहे.

अर्ज लांबवला तर काय होतं, याचा हिशेब सोपा आहे. एका अर्जाला २० तास लागले आणि दहांपैकी एकच मंजूर झाला, तर एका अनुदानामागे वस्तीतल्या माणसांचे २०० तास गेले, त्यातले १८० पूर्ण वाया. देणाऱ्याच्या ताळेबंदात हा खर्च दिसत नाही. २०२० च्या साथीत अनेक प्रतिष्ठानांनी अहवाल स्थगित केले, उपक्रमाला बांधलेली अनुदानं मोकळी केली, फोनवरच्या बोलण्यावर पैसे दिले. पुढे काहींनी ती पद्धत टिकवली, तर अनेकांनी जुने फॉर्म परत बाहेर काढले.

एक वर्षाची मुदत मात्र सगळ्या बदलांतून सुखरूप सुटली आहे. तिला मुलांच्या गरजेचा काही आधार नाही, ती देणाऱ्याच्या अर्थसंकल्पाच्या वर्षातून आली. मंजुरीपत्र उशिरा निघतं, शिक्षक मिळेपर्यंत शाळेचं सत्र अर्धं संपतं आणि पट वाढायला लागतो तेव्हा अंतिम अहवालाची तारीख जवळ आलेली असते. दोन-तीन वर्षांची मुदत मिळत नसेल, तर निदान अनुदानाची सुरुवात शाळेच्या सत्राला जोडून घ्यावी आणि शिल्लक रक्कम पुढच्या सत्रात वापरण्याची परवानगी करारातच लिहून मागावी.