जुन्या वाटांवरील फोर-व्हील-ड्राइव्ह भ्रमंती

एखाद्या प्रदेशातल्या व्यापाराच्या, लष्कराच्या, खाणींच्या किंवा गुरे हाकण्याच्या जुन्या वाटा चारही चाकांना जोर मिळणाऱ्या वाहनाने धुंडाळायच्या, वाटेवरच्या खुणा जुन्या नकाशांशी ताडून पाहायच्या आणि त्यांची नोंद ठेवायची, असे या भ्रमंतीचे स्वरूप आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात आणि ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात ती विशेष रुजली. तिथे वस्ती विरळ आणि हवा कोरडी असल्याने शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची चाकोरीही जमिनीवर टिकून राहते. प्रवाशांची गर्दी पडक्या गावांकडे असते, पण खरा ऐवज वाटेतच असतो. ती कुठे वळते आणि किती चढते, यावरून ती कोणी, कशासाठी आणि कोणत्या जनावरांच्या बळावर पाडली ते समजते.

वाट कुठून जाणार हे आधी पाणी ठरवते. कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेकडे सुमारे २२० किमी जाणारा कॅलिफोर्नियातील मोहावी रोड मुळात मोहावी लोकांचा व्यापारी मार्ग होता. १७७६ मध्ये स्पॅनिश धर्मप्रचारक फ्रान्सिस्को गार्सेस आणि १८२६ मध्ये फरचा व्यापारी जेडेडाय स्मिथ या वाटेने गेले. १८५७ मध्ये सरकारी रस्त्याची पाहणी करणारे एडवर्ड बील उंट घेऊन आले आणि १८६० च्या दशकात लष्कराने रॉक स्प्रिंग, मार्ल स्प्रिंग्ज, सोडा स्प्रिंग्ज अशा झऱ्यांवर ठाणी बसवली. ही ठाणी नकाशावर जोडली की वाट सरळ का जात नाही ते लगेच उमगते. १९८० च्या दशकात या वाटेचे अभ्यासक डेनिस केसबियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दगडांच्या राशी रचून ती वाहनांसाठी पुन्हा आखली.

पश्चिम ऑस्ट्रेलियात विलुना ते हॉल्स क्रीक हा सुमारे १,८५० किमीचा कॅनिंग स्टॉक रूट हा गुरे हाकण्याचा मार्ग आहे. सर्वेक्षक आल्फ्रेड कॅनिंग यांनी १९०६-०७ मध्ये त्याची पाहणी केली आणि १९०८ ते १९१० या काळात विहिरी बांधल्या. गुरांच्या एका दिवसाच्या चालीचा हिशेब धरून या विहिरी ठेवल्या होत्या. पाण्याच्या जागा शोधण्यासाठी स्थानिक आदिवासींना साखळदंडाने बांधून नेले गेले आणि त्याबद्दल १९०८ मध्ये चौकशी आयोगही बसला. विहिरीपाशी उभे राहून हे न सांगणारी माहिती अपुरीच म्हणावी लागेल.

चढणीवरून वाटेचा प्रकार ओळखता येतो. घोडागाड्यांचे वाटाडे डोंगराच्या कुशीतून आडवे जाणे टाळत, कारण गाडी उताराकडे उलटत असे. म्हणून जुनी गाडीवाट बरेचदा चढावर सरळ भिडते. रेल्वेचा उखडलेला मार्ग क्वचितच ४ टक्क्यांहून जास्त चढतो आणि रुंद वळणे घेतो. खेचरांची पायवाट अरुंद आणि आखूड नागमोडी असते. खडकावरचे गंजाचे तांबूस ओरखडे हे गाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेचे असू शकतात.

जाण्याआधीची तयारी नकाशावर करावी आणि तिला प्रत्यक्ष प्रवासाहून जास्त वेळ द्यावा. अमेरिकेच्या भूमी कार्यालयाच्या जुन्या मोजणी-नकाशांवर वाटा दाखवलेल्या असतात, पण एक गोष्ट हमखास चकवते. मोजणीदार दर मैलाच्या सीमारेषेवर चालत आणि वाट जिथे ओलांडली तेवढीच जागा नेमकी मोजत. मधला भाग अंदाजाने रेखाटलेला असे. म्हणून जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवल्यावर आधी हे छेदनबिंदू तपासावेत. मधल्या रेषेवर विसंबले की शोध भलत्याच ओढ्यात जातो.

अवशेषांचा काळ ठरवताना एका वस्तूवर भरवसा ठेवू नये. चौकोनी कापीव खिळे १८९० च्या दशकापर्यंत सर्रास होते, नंतर गोल तारेचे खिळे आले. जांभळट पडलेली काच साधारण पहिल्या महायुद्धापर्यंतची. झाकणावर डाख देऊन बसवलेली चकती असलेला डबा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा किंवा त्याआधीचा. मात्र आटवलेल्या दुधाच्या डब्यावरचा डाखाचा एकच ठिपका पुढेही कित्येक दशके चालू राहिल्याने नवखे त्याला फार जुना समजतात. ठिकाण कधीपर्यंत वापरात होते ते सर्वांत नव्या वस्तूवरून ठरते. वस्तू उचलू नये, कारण जागा बदलली की पुरावा संपला. शिवाय अमेरिकेच्या संघीय जमिनीवर १०० वर्षांहून जुने पुरावशेष परवान्याविना काढणे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

वाहनात लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरव्यवस्था) हवीच. तीव्र उतारावर तिचा पहिला गिअर लावून इंजिनाने वेग धरावा, नुसत्या ब्रेकवर उतरल्यास ते तापून निकामी होतात. रस्त्यावर ३५ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) असलेली टायरमधली हवा खडीवर २५-२८ आणि वाळूत १६-१८ पर्यंत उतरवावी. १५ च्या खाली टायर वळणावर रिमवरून निसटण्याचा धोका असतो. पुन्हा हवा भरायला कॉम्प्रेसर सोबत ठेवावा. टायर बहुधा बाजूच्या भिंतीवर फाटतो आणि तिथे ठिगळ टिकत नाही, म्हणून दुर्गम मार्गावर दोन जादा चाके न्यावीत. वाळूत आणि लो रेंजमध्ये इंधन दीडपट लागते असे धरूनच साठा मोजावा. पिण्याचे पाणी माणशी रोज किमान ५ लिटर, वर राखीव वेगळे. कोलोरॅडोतील सिनॅमन खिंडीसारख्या १२,६४० फूट उंचीवर टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास एक-तृतीयांश घटते.

रुतलेली गाडी ओढताना पट्टा टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही अडकवू नये. हा गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि यात माणसे दगावली आहेत. कोरड्या गवतातून गेल्यावर गाडीखाली अडकलेले गवत व बिया वरचेवर काढाव्यात, नाहीतर तापलेल्या एक्झॉस्टवर पेट घेतात.

पडीक खाणीत शिरू नये. आत प्राणवायू कमी असतो, लाकडी आधार कुजलेले असतात, जमिनीतच खोल विवरे असतात आणि जुन्या डायनामाइटमधून स्फोटक द्रव पाझरलेला असू शकतो. पडक्या झोपड्यांत उंदरांच्या विष्ठेतून हंटा विषाणू पसरतो, म्हणून आधी दारे उघडून हवा खेळू द्यावी आणि आत झाडलोट करू नये.

वाट जुनी आहे म्हणून ती खुली असते असे नाही. अमेरिकेत १८६६ च्या कायद्याने सार्वजनिक जमिनीवर रस्त्यांना हक्क दिला होता. तो कायदा १९७६ मध्ये रद्द झाला, पण आधीचे हक्क राखले गेले आणि अनेक वाटांबाबतचे वाद आजही न्यायालयात आहेत. राष्ट्रीय वनांत वनखात्याचा वाहनवापर नकाशा प्रमाण मानावा. त्यावर नसलेल्या वाटेने वाहन नेऊ नये. वाळवंटी मातीवरची जिवंत साय (सूक्ष्मजीव व शेवाळांचा पातळ थर) एकदा चाकाखाली मोडली की भरून यायला दशके लागतात. १९४२ ते १९४४ दरम्यान मोहावीत झालेल्या रणगाडा-सरावाचे माग अजून दिसतात. चाकोरी पुसट होऊन संपली की वाहन तिथेच ठेवून पुढचा शोध पायी घ्यावा.