गिरणगावातल्या मुली 'घरीच' होत्या?

'गिरणगावात बाप कमवायचा, बायका-मुली नुसतं घर सांभाळायच्या' हे अजूनही ठोकून दिलं जातं. साफ चूक. गिरण्यांच्या वाइंडिंग-रीलिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यांत बायकाच जास्त असायच्या. १९२९ चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा काय उगाच झाला? पुढे गिरण्यांतून बायका कमी होत गेल्या. पण चाळीतल्या खानावळी कोण चालवत होतं? गावाकडे बिऱ्हाड ठेवून आलेले कामगार तिथेच जेवायचे. पहाटे स्टोव्ह पेटायचा, शाळेआधी पोरगी कणीक मळायची, गिरणीची पाळी सुटली की ताटं वाढायची. तिच्या या कामाला पगार नव्हता, म्हणून ते हिशेबातच आलं नाही. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या खानावळवाल्या बायकांसाठीच कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.